दिगंबररावांची रेषा

टिकाऊ रंगांनी वस्तूचं चित्र काढलं की वस्तूचा रंग कायमचा चित्रात जातो, हे साताऱ्याच्या हेमांगी शेजवलकरांना पहिल्या पेरूच्या वेळीच कळलं. रंगाच्या नळीवर 'उन्हाने विटणार नाही' अशी हमी होती. ती पाळायची तर रंग कुठून तरी आणायला हवाच.

हेमांगीबाई जलरंगात स्थिरचित्रं काढत, तीही दृक्‌प्रत्ययवादी. म्हणजे रेषा नाहीत, नुसते उजेडाचे आणि रंगांचे ठिपके. त्यामुळे रंग चित्रात जाई आणि टेबलावर रेषा उरे. पेरूची रेषा, तांब्याची रेषा. घरात कुणाची तक्रार नव्हती. रेषेच्या वांग्याचं भरीतही चवीला तसंच होई.

पुढे घरातल्या वस्तू संपल्या. स्थिरचित्राला न हलणारं काहीतरी लागतं, आणि यजमान दिगंबरराव निवृत्तीपासून आरामखुर्चीतून हललेले नव्हते. हेमांगीबाईंनी दुपारच्या उन्हात त्यांना रंगवलं. चित्र सुरेख झालं. खुर्चीत उरलेल्या रेषेने चहा मागितला.

अडचण आली ती पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला.

"आजोबा, तुम्ही रंगीत नाही आहात," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"पण हयात आहे."

"ते तुम्ही म्हणता."

हेमांगीबाईंनी पिशवीतून चित्र काढलं. गालावरचं ऊन बघून बाई खूश झाल्या.

"हे हयात आहेत! रंग टिकेल ना? दरवर्षी यावं लागतं."

"शंभर वर्षांची हमी आहे."

"मग शंभर वर्षं येऊ नका." बाईंनी चित्राच्या पाठीवर शिक्का मारला.

"आणि मी?" दिगंबररावांनी विचारलं.

"तुम्ही यांच्यासोबत आलात ना? मग बाकावर बसा. इथे गर्दी करू नका."

रिक्षात चित्र हेमांगीबाईंच्या मांडीवर होतं. दिगंबरराव कडेला अंग चोरून बसले होते. हेमांगीबाईंना वाईट वाटलं. रंगवण्याआधी आपण यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

घरी येताच त्यांनी शाळकरी पोरांची स्वस्तातली रंगपेटी काढली.

"अहो, हे टिकायचे नाहीत. आंघोळीला उतरतील."

"उतरू देत." दिगंबरराव खिडकीशी येऊन उभे राहिले.

"गव्हाळ लावू?"

"गव्हाळ जन्मभर होतो. निळा लाव."

"तोंडाला?"

"तोंडापासूनच सुरू कर."

हेमांगीबाईंनी कुंचला पाण्यात बुडवला.