माळवदाची बस

पेडगावचे दत्तराव पंचवीस वर्षं एसटी चालवून १९८६ साली निवृत्त झाले आणि लिलावातली एक जुनी बस घेऊनच घरी आले. बाकडी काढून त्यांनी आत पलंग टाकला, स्टोव्ह ठेवला आणि सांगून टाकलं, की यापुढं मुक्काम गाडीतच. दिवाळी झाली की हिंदुस्थान बघायला निघायचं.

त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, एकच अट घातली. "मिरगाच्या पावसापर्यंत गाडीत राहून दावा. एक दिवस जरी घरात आलाव, तर गाडी भंगारात." शेजारचे आश्रुबा साक्षीला होते.

वैशाखात बस अशी तापली की दत्तरावांची पाठ पलंगाला टेकेना. पण घराकडं तोंडसुद्धा करायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांनी टपावर ओली पोती टाकली. ती घटकाभरात वाळली. मग कडबा अंथरला. आश्रुबांच्या बैलानं लोंबती टोकं धरून तो सगळा खाली ओढला आणि खाल्ला.

"दत्तराव, घरात चला. कोन बघायलंय?" आश्रुबा म्हणाले.

"मी बघायलोय की."

जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं भर उन्हात गार असतात, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांच्या स्वतःच्या घराचं माळवद सुमनबाईंनी हौसेनं पाडून पत्रे घातले होते आणि त्याची पांढरी माती अजून अंगणात पडून होती. दत्तरावांनी टपावर कडुलिंबाच्या फांद्या टाकल्या, त्यावर तुरीच्या वाळक्या तुराट्या, त्यावर वीतभर माती. आत खरंच गारवा आला. भारानं टायर बसले, म्हणून गाडीखाली दगड रचले. दगडांच्या फटींतून झळ येते, म्हणून त्या चिखलानं लिंपल्या. उन्हाच्या बाजूला खिडक्यांवर भिंत चढवली आणि दारापुढं ओटा घातला. एकही काम विनाकारण केलं नव्हतं.

मिरग निघाला तसे दत्तराव ओट्यावर येऊन म्हणाले, "जितलो."

"गाडीत राहायचं ठरलं व्हतं," सुमनबाई म्हणाल्या. "ही गाडी हाय व्हय? मारुतीपर्यंत न्हेऊन दावा."

दत्तराव स्टेअरिंगवर बसले. इंजिन झटक्यात चालू झालं. गिअर पडला, टपावरून ओंजळभर माती काचेवर आली, आणि गाडी तसूभर हलली नाही. आश्रुबा हसून हसून खाली बसले. दत्तरावांनी इंजिन तसंच चालू ठेवलं.

"म्हंजी घरच हाय. हारलाव तुमी."

"मंग न्या भंगारात. माझ्यासकट न्या. मी उतरत न्हाई."

त्यांना खाली ओढायलाच सुमनबाई आत शिरल्या. दोन महिने पत्र्याखाली शिजलेल्या त्या बाई गारव्यात क्षणभर उभ्या राहिल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पलंगावर टेकल्या.

"ऱ्हातं घर भंगारात कोन घालतं?" त्या म्हणाल्या. "आश्रुबा भावजी, माझी वाकळ तेवढी आना हिकडं."

बस वाचली, पण घर म्हणून. दत्तरावांना हायसं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"आदी चपला ओट्यावर काढा," सुमनबाई आडव्या होत म्हणाल्या. "घरात चपला चालत न्हाईत."

दत्तरावांनी चपलेसकट पाय क्लचवर ठेवला आणि लांबलचक हॉर्न दिला.

"गाडीत चालत्यात," ते म्हणाले.