पोटातला मुक्काम

कस्तुराबाईंच्या पोटातून तो आवाज पहिल्यांदा मोठ्यानं आला तेव्हा त्यांचे यजमान भुजंगराव जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि दाराकडं बघितलं.

"कोण हाय?"

दारात कुणी नव्हतं. भर दुपार होती, गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला. खोल आडात पडलेल्या माणसानं थकल्या गळ्यानं वर हाक मारावी तसा. "ऊंऽऽ... हूंऽऽ..."

कस्तुराबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. "मीच हाय. म्हंजे मी न्हाई, पोट हाय."

"पोट असं बोलतंय व्हय?"

"ऑपरेशन झाल्यापासून बोलून राहिलंय. आज जरा मोठ्यानं बोललं."

भुजंगरावांनी ताट उचललं आणि उरलेली भाकरी ओसरीवर बसून खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खाटही ओसरीवर गेली.

उमरी तालुक्यातल्या त्या लहानशा गावात कस्तुराबाईंच्या छातीत तीस वर्षं आग होती. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या. गावाला मात्र त्या आगीशी काही देणंघेणं नव्हतं. गावाला त्यांचे ढेकर ठाऊक होते. दर मंगळवारी त्यांच्या अंगात देवी यायची. आधी खांदे थरथरायचे, मग एकामागून एक ढेकर सुरू व्हायचे, की लोक हात जोडून आपापली गाऱ्हाणी मांडायचे. शेवटी एक लांबलचक ढेकर आला की देवी गेली असं समजून सगळे उठायचे. मधल्या वेळात आपण काय सांगितलं ते कस्तुराबाईंना कधी आठवायचं नाही. ही देवी की पित्त, असा विचार त्यांच्या मनात एकदोनदा आला होता. पण दोन्ही बाजूंनी भीतीच वाटली, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला.

त्यांचा मुलगा रामलिंग नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला असली भीती नव्हती. त्यानं आईला डॉक्टर उमाशंकरांपुढं नेऊन बसवलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराच्या तोंडाची झडप सैल झालीय. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवायचा, की पाणी वर यायचं बंद. "ढेकर मात्र फारसा येणार नाही," तेही ते म्हणाले होते. रामलिंगनं आनंदानं सही केली. मंगळवारचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही.

जळजळ खरंच गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा कस्तुराबाई पाठ टेकून झोपल्या आणि सकाळी उठून रडल्या. पण पुढं भाकरी छातीतच अडकायला लागली. दोन घासांत पोट ढोलासारखं तट्ट व्हायचं, आणि आत भरलेली हवा ना वर यायची ना खाली जायची. उलटीसुद्धा होईना. आंबील आणि पातळ वरणावर तीन महिने निघाले. बारा किलो वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि वरतून हा आवाज.

चौथ्या महिन्यातल्या एका मंगळवारी शेजारची रत्नम्मा आली. ती धर्माबादेकडची, तोंडाची सैल आणि मनाची भोळी. सोबत ईश्वरप्पा होता. गावातला जाणता माणूस, कुठल्याही बैठकीत त्याचा शब्द शेवटचा. कस्तुराबाई नको नको म्हणत असतानाच त्यांचे खांदे थरथरले. ढेकर काही येईना.

"अय्यो, माय," रत्नम्मानं हात जोडले, "मही नथ गेली. जावंनं नेली का?"

पोट गप्प.

"मंग शेजारच्या सुनंनं नेली का?"

पोट गप्प.

"का मीच कुठं ठिवून इसरले?"

"ऊंऽऽऽ... हूंऽऽऽ..."

रत्नम्माच्या हातातला नारळ खाली पडला. संध्याकाळी नथ तिच्याच तांदळाच्या डब्यात सापडली. पण त्याआधीच, त्या बैठकीत, ईश्वरप्पाच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, देवी आली. पर ढेकर कुठं आला?"

"न्हाई आला."

"मंग ती गेली कशी?"

रत्नम्मानं कस्तुराबाईंच्या पोटाकडं बघितलं.

"गेलीच न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला. "डॉक्टरनं दार शिवलंय. आत कोंडून राहिलीय ती."

"हूंऽऽ," पोट म्हणालं, आणि ओसरी एका दमात रिकामी झाली.

तिथून सगळं चिघळत गेलं. आधी लोक त्यांच्या घरावरून जाताना चपला काढायला लागले. मग चपला हातात घेऊन पळायला लागले. मग तो रस्ताच सोडून ओढ्याकडून जायला लागले. दुकानात कस्तुराबाई उभ्या राहिल्या की दुकानदार तराजूतलं माप न सांगता वाढवायचा. कहर झाला तो एका सोयरिकीच्या बैठकीत. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "आमचा पोरगा सुपारीसुदिक खात न्हाई," आणि कोपऱ्यात बसलेल्या कस्तुराबाईंच्या पोटातून असा काही आवाज निघाला की पोरगा जागेवरून उठला आणि घामाघूम होऊन म्हणाला, "शनिवारीच घेतो फक्त!" सोयरीक तिथंच मोडली.

कस्तुराबाईंना आता कुणी कुठं बोलवेना, आणि बोलावलं तरी जावंसं वाटेना. एका दुपारी त्या एकट्याच गोठ्याजवळ बसल्या होत्या. पोट सकाळपासून कुरकुरत होतं. कधी लांबून माणसं बोलल्यासारखं, कधी कुणीतरी दार ओरबाडल्यासारखं. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "कोण हाय गं तू?"

आवाज एकदम थांबला. गाय रवंथ करायची थांबली. लिंबाचं पान हलत नव्हतं. कस्तुराबाई पोटाकडं वाकल्या. आणि मग आतून, अगदी बारीक, त्यांच्या स्वतःच्याच आवाजासारखा आवाज आला, "हूं?"

जणू आतलंच कुणीतरी त्यांना विचारत होतं की तू कोण.

त्या उठल्या, घरात आल्या आणि रामलिंगला फोन लावला.

तोपर्यंत ग्रामसभेनं या देवीबद्दल ठराव करून टाकला होता. रामलिंग रविवारी आला तो चिडूनच. "माय, आतड्यातली हवा हाय ती. वाट न्हाई मिळाली की गुडगुडती. त्यात देव न्हाई, काही न्हाई!"

कस्तुराबाईंनी चुलीजवळची भाकरी उचलली आणि त्याच्यापुढं धरली. "हवा असू दे, न्हाई तर देवी असू दे. मला ही खायाचीय, रामलिंगा. चार महिने झाले, निसता वास घेऊन राहिले मी. जे कोण आत हाय त्याला बाहीर काढ अन् मला जेवू दे."

रामलिंगनं भाकरी तिच्या हातातून घेतली. आईचं मनगट किती बारीक झालंय हे त्यानं त्या दिवशी नीट बघितलं.

ईश्वरप्पाच्या जीपमधून चौघं नांदेडला गेले. कस्तुराबाई, भुजंगराव, रत्नम्मा आणि स्वतः ईश्वरप्पा. रामलिंग दवाखान्यात होताच. बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट कस्तुराबाईंचं पोट दोनदा बोलल्यावर आपणहून मागं सरकले, त्यामुळं त्यांचा नंबर लवकर लागला.

डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून फोटो काढले, दुर्बीण घालून बघितलं. "गुंडाळी घट्ट बसलीय," ते म्हणाले. "ती सोडवता येते. पण ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. जळजळ परत येऊ शकते, आणि सगळं पहिल्यासारखं होईलच असं मी सांगू शकत नाही."

"पाठ टेकून झोपणं जाईल का मंग?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"जाऊ शकतं."

कस्तुराबाई विचारात पडल्या. एकीकडं झोप, एकीकडं भाकरी. तेवढ्यात ईश्वरप्पानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "साहेब, ग्रामसभेचा ठराव हाय."

डॉक्टरांनी वाचला. 'श्रीमती कस्तुराबाई यांच्या पोटात अडकलेल्या देवीस बाहेर येण्यास सत्वर वाट करून द्यावी, असे सर्वानुमते ठरले.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. "यावर मी काय करू?"

"शिक्का मारून पोच द्या."

रामलिंगनं कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र शांत माणूस होते. "एकदम उलटं ऑपरेशन नको," ते म्हणाले. "आधी तोंडातून फुगा आत घालून वाट थोडी रुंद करू. त्यानं भागलं तर बरंच. नाही भागलं तर मग विचार करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा घातला. दुपारी कस्तुराबाई खाटेवर उठून बसल्या. चौघं भोवती उभे होते. त्यांनी दोन घोट पाणी प्यायलं. पोट एकदा गुरगुरलं, दुसऱ्यांदा गुरगुरलं, आणि मग त्यांच्या तोंडातून ढेकर निघाला. असा लांब, इतका लांब, की खिडकीचा पडदा हलल्याचं रत्नम्मानं शपथेवर सांगितलं. बाहेर नर्सच्या हातातला ट्रे खणाणला. त्यानंतर पोट गप्प झालं. बिऱ्हाड उठून गेलेल्या घरासारखं गप्प.

ईश्वरप्पानं जमिनीला डोकं टेकवलं. "गेली!"

"गेली," रत्नम्मा म्हणाली, "पर कुठं गेली? आपलं गाव साठ किलोमीटर राहिलं. हितं तिच्या वळखीचं कोण हाय?"

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी हळूच तोंड मिटून घेतलं.

दोन दिवसांनी घरी निघाले. आईला पोचवायला म्हणून रामलिंगही रजा टाकून जीपमध्ये बसला. वाटेत ढाब्यावर जेवण झालं. डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं होतं, म्हणून कस्तुराबाईंनी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली. घास सरळ खाली उतरत होता. त्यांना लहानसा ढेकर आला तेव्हा सगळ्यांचे श्वास थांबले.

"निसता ढेकर हाय," त्या म्हणाल्या. "भाकरीचा."

बाकी कुणी मात्र ढेकर द्यायला तयार नव्हतं. भुजंगराव छातीवर हात धरून जीपभोवती तीन फेऱ्या मारून आले. ईश्वरप्पाचे डोळे पाणावले होते. रत्नम्मानं तोंडात पदर कोंबला होता. रामलिंगला हसू आवरेना. "लाज वाटू द्या जरा," तो म्हणाला. त्यानं सोड्याची बाटली मागवली आणि सगळ्यांसमोर एका दमात संपवली. "बघा, आता मला ढेकर येईल. ह्याला गॅस म्हणतात."

ढेकर यायला उशीर झाला. जीप उमरीच्या रस्त्याला लागली तेव्हा पहिला आला.

"आला बघा," रामलिंग म्हणाला. "सोडा."

दुसरा आला. "सोडाच हाय." तिसरा आला. चौथ्याला तो काही बोलला नाही. पाचव्याला त्याचे खांदे थरथरायला लागले.

ईश्वरप्पानं जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना रिकामी रानं होती, वर ऊन. रस्त्यानं एकही गाडी येत नव्हती. रत्नम्मा पुढच्या सीटवरून वळली. तिनं हात जोडले. "माय... महा लेक दोन वर्षं झाले बोलून न्हाई राहिला. कधी येईल वं?"

हे तिनं आजवर गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. लेक हैदराबादेत मजेत आहे असंच ती सगळ्यांना सांगायची.

हा सगळा येडेपणा आहे असं सांगायला रामलिंगनं तोंड उघडलं. पण शब्द निघाले ते दुसरेच, आणि आवाजही त्याचा नव्हता. "तो रोज फोन हातात घेऊन बसतो. तूच लाव."

मग एक लांब ढेकर आला आणि रामलिंगची मान छातीवर पडली.

रत्नम्मा जीपमधून उतरली. बाभळीखाली उभी राहून तिनं फोन लावला. पलीकडून पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला असावा, कारण ती लगेच रडायला लागली.

रामलिंगनं डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता. "माय, मी काय म्हणलो?"

भुजंगराव आणि ईश्वरप्पा हात जोडून त्याच्याकडंच बघत होते.

"काही न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. "पहिल्या वेळेला असंच गळून जातं. हळूहळू पी. पुढच्या वेळेपासून जीभ दातांत येऊ देऊ नगंस."

"डॉक्टरला फोन लाव, माय."

"त्याला सांगू नगंस," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "शिवून टाकील."

मग त्यांनी ढाब्यावरून बांधून आणलेलं भाकरी-ताक पिशवीतून काढलं, मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या नजरा लेकावर खिळलेल्या असताना, कुणाचंही लक्ष नसताना, निवांत जेवायला सुरुवात केली.