गौतम मास्तर पळताना काय खातो

उकडलेला बटाटा खिशात घालून डोंगर चढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, अन तो माझ्या शेजारी राहतो. बटाटा मिठात लोळवलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, चड्डीच्या डाव्या खिशात. उजव्या खिशात खजूर. अर्धा तास झाला की मनगटावरचं घड्याळ ओरडतं अन हा माणूस पळता पळता बटाट्याचा एक चावा घेतो. भूक असो की नसो.

हा आमचा गौतम मास्तर. तेलुगू मुलखाला लागून, भीमपूरकडच्या आमच्या गावात शाळेवर गणित शिकवतो. वय पंचावन्न. त्याचा बाप कोंडबा आमच्याकडे सालदार होता, गुरं राखायचा. पोरगा शिकला, मास्तर झाला, आमच्या घराला लागून त्यानं स्लॅबचं घर बांधलं. इथवर सगळं चांगलं झालं. मग पन्नाशीत डॉक्टरनं त्याला सांगितलं, वजन वाढलं आहे, जरा चालत जा. तो डॉक्टर मला एकदा भेटायला पाहिजे. जरा चाल म्हटलं तर हा साठ किलोमीटर पळायला लागला, तेही निर्मलकडच्या डोंगरात, तीन चढ चढून. दरवर्षी तिथं अशी शर्यत होते. सकाळी सहाला निघायचं अन संध्याकाळी सहाच्या आत पोचायचं. पोचला तर गळ्यात बिल्ला घालतात.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण एवढं मला कळतं की माणसाच्या मागे कोणी लागलं तर तो पळतो, नाहीतर तो कशाच्या तरी मागे पळतो. याच्या मागे कोणी नाही अन पुढे एक बिल्ला. तोही याला मिळत नव्हता.

कारण पाय नाही, पोट. पहिल्या वर्षी नुसतं पाणी पीत गेला. बोटं सुजली, चाळिसाव्या किलोमीटरला सगळं उलटलं. दुसऱ्या वर्षी पाकिटातलं काहीतरी गोड चिकट चोखत गेला. मी ते चाखून पाहिलं आहे. बाटलीच्या तळाला राहिलेलं खोकल्याचं औषध तसंच लागतं. ते त्याला तिसऱ्या चढाखाली बाधलं. जीपमध्ये आडवा घालून आणला. मग त्याच्या बायकोनं, सुजाताबाईनं, सांगून टाकलं, "आता तिसरी खेप. या खेपेला झालं नाही तर बूट मी स्वतः नाल्यात फेकीन." मास्तरनं शब्द दिला. सुजाताबाईही मास्तरीण आहे, बोलली की करते.

तेव्हापासून आमच्या घराचा दवाखाना झाला.

"काकाजी, पोट पहिलीच्या पोरासारखं असते," हा रोज मला सांगणार. "एकदम पुस्तक दिलं की रडते. रोज थोडं थोडं शिकवा लागते."

"अन माझं डोकं काऊन खाऊन राह्यला? तेही पहिलीत आहे काय?"

"काकीच्या हातची आंबील पाहिजे. तुमच्या ज्वारीची."

आमची बुढी आंबील करते ती चाळीस गावांत कोणी करत नाही, हे खरं. पण हा सोनाराचा असावा तसा काटा घेऊन चुलीजवळ बसायचा अन मीठ मोजायचा. कोंडबाला आमच्या घरात ओसरीच्या खाली वाढायचे. त्याचा पोरगा चुलीजवळ बसून माझ्या बायकोला मीठ किती घालायचं ते सांगतो. जमाना बदलला, चांगलंच झालं, पण मीठ चिमटीनं घालायचं असतं, एवढं तरी जुनं ठेवा.

आंबील घट्ट झाली की म्हणे पोटात बसून राहते, पातळ झाली की पायांना पुरत नाही. बुढीनं नऊ वेळा केली. नवव्यांदा तो "जमली" म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "ही पहिल्यासारखीच आहे रे बाप्पा." याआधी त्यानं गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून पाहिले, ते चढावर घशात अडकले. मोहफुलाचे लाडू नेले, ते छातीशी जळजळले. केळी पाठीवरच्या पिशवीत नेली, घरी आला तेव्हा पाठ खीर झाली होती.

त्याहून मोठं संकट चहाचं. आपल्याकडे माणूस दारावरून पळत गेला की लोकांना वाटतं, कोणी तरी गेलं, नाहीतर बैल सुटला. पहिल्या सरावाला वाटेत पाच वाड्या लागल्या. प्रत्येक वाडीत लोकांनी याला धरून बसवलं, पाणी दिलं, चहा पाजला, मग विचारलं, "काय झालं मास्तर?" काही झालं नाही म्हटलं तर कोणाला खरं वाटेना. पाच चहा पिऊन हा गडी नाल्यात बसला. पुढच्या खेपेला पाठीवर पुठ्ठा बांधून गेला. वर मराठीत "चहा नको", खाली तेलुगूवाल्यांसाठी "चाय वद्दु". आता पाठीवरचं वाचायचं तर माणूस पुढे गेल्यावरच. लोक पुठ्ठा वाचायला मागे पळाले, वाचून झाल्यावर थांबवलं, अन विचारलं, "चहा काऊन नको?"

तर ती तिसरी खेप आली. मास्तरचा पोरगा हैदराबादला नोकरीवर, सुजाताबाईला परीक्षेचं काम. शेवटच्या चढाखाली खाणं घेऊन उभं राहायला माणूस पाहिजे. कोण सापडलं? मी. वय वर्षं चौऱ्याहत्तर. हातात यादी दिली : बटाटा एक, खजूर दोन, आंबील अर्धी बाटली, बसू द्यायचं नाही, तीनच्या आत हाकलायचं. तीननंतर तिथून पुढे सोडत नाहीत.

सकाळपासून मी एका दगडावर बसलो. पळणारे येत होते, जात होते. अडीचला मास्तर आला. तोंड राखेसारखं. बटाटा दिला, तो बाहेर आला. आंबील पुढे केली तर मान फिरवली.

"काही जात नाही, काकाजी. झालं," म्हणाला, अन खाली बसून एका पायातला बूट काढला.

मला संताप आला. सकाळपासून दगडावर बसवलं ते काय बूट काढताना पाहायला? वर भूक लागलेली. मी माझी शिदोरी सोडली. ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा, मीठ-मिरची. मास्तर त्या फडक्याकडे पाहत राहिला.

"माझ्या बाची शिदोरी कोण बांधायचं?"

"मीच. सकाळी गुरं सोडताना."

"किती असायची?"

"दीड भाकर. मिरची. कधी कांदा."

"तुमच्या गोठ्यापासून वरच्या कुरणापर्यंत अन परत, मी घड्याळ लावून चाललो. बावीस किलोमीटर भरते. गुरांमागे पळणं वेगळं." त्याला धाप लागत होती, तरी गणित सोडवल्यासारखा बोलत होता. "दोन वर्षांपूर्वी सरावात माझं खाणं संपलं. एका दगडावर बसलो तर उठताच येईना. डोकं सांगे उठ, पाय ऐकत नव्हते. तवा बा आठवला. मग मी मुद्दाम दीड भाकरीवर जाऊन पाहिलं, तीन वेळा. तिन्ही वेळा दुपारनंतर पाय थरथरले, काकाजी. तिन्ही वेळा बसलो." हातातला बूट खाली ठेवला. "बा रोज सांजच्याला तुमच्या फाटकाशी बसायचा. उठ म्हटलं तरी उठायचा नाही. मी लहान होतो. पण लोक त्याले काय म्हणायचे, ते मले आठवते."

आळशी म्हणायचे. लोक म्हणजे माझा बाप, अन मी. "कोंडबा, तुले आळसानं खाल्लं," असं मी फाटकातून ओरडायचो.

मास्तरच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. फळ्यावर उत्तर लिहून खडू खाली ठेवतात, तसं त्यानं ते सांगितलं.

मी एक भाकर मोडून त्याच्या हातावर ठेवली. "खा."

"यादीत नाही."

"यादी गेली चुलीत. खा म्हणतो ना."

त्यानं कांद्याबरोबर, मीठ लावून, हळूहळू खाल्ली. आम्ही दोघंही त्याच्या पोटाकडे पाहत होतो. भाकर आत राहिली. मी दुसरीतली अर्धी दिली. तीही राहिली.

"दीड झाली," तो म्हणाला.

मी उरलेली अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "पुऱ्या दोन खा."

दोन भाकरी खाऊन, वर आंबील पिऊन त्यानं बूट घातला. तीनला चार मिनिटं होती. तो चढाला लागला.

पळणारे जिथं पोचतात ती जागा रस्त्यानं पाच किलोमीटर पुढे होती. जीप होती. "आजोबा, बसा," जीपवाला म्हणाला. आजोबा म्हटल्यावर मी कशाला बसतो? चालत निघालो. तिसऱ्या किलोमीटरला गुडघे हलायला लागले. कसाबसा पोचलो अन मांडवाच्या बांबूला पाठ लावून बसलो.

सहाला दहा मिनिटं असताना मास्तर उतारावर दिसला. लंगडत, पण पळत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात बिल्ला घातला. मला उठायचं होतं. दोनदा उठायला गेलो. पाय माझे नव्हतेच. आजूबाजूचे पाहत होते, म्हातारा बसूनच राहिला.

मास्तर सरळ माझ्याकडे आला. माझ्या थरथरत्या हातांकडे पाहिलं.

"काकाजी, सकाळपासून तुमी काय खाल्लं?"

मी शिदोरीचं रिकामं फडकं खिशात कोंबलं.

"उठू नका," तो म्हणाला. "कोणी काही म्हणत नाही. बसून राहा."

कोणीतरी त्याच्यासाठी वरण-भाताची ताटली आणली होती. ती त्यानं माझ्या मांडीवर ठेवली, अन एका हातानं तिला धरून राहिला, कारण मला ती धरवत नव्हती.