गुडघ्याएवढं कुंपण

बोदिल आपलं मशीन कुणाला देत नाही. द्यायचीच नाही! आमच्या शहराबाहेरच्या उन्हाळी वसाहतीतल्या, प्रत्येकी एक खोपट असलेल्या, एकशे बारा बागांना ही गोष्ट ठाऊक होती, आणि ज्याला नव्हती त्याला बोदिल स्वतःहून सांगायची. "नवरा एकवेळ देईन, मशीन देणार नाही!" पुढे नवरा खरंच गेला, एका दातांच्या डॉक्टरणीकडे, आणि जाताना कोपनहेगनमधला फ्लॅटही घेऊन गेला. मशीनं मात्र सगळी बोदिलकडेच राहिली. त्यामुळे तिच्या बोलण्यात दम होता, हे कुणालाही मान्य करावंच लागे.

चौतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेली बाई ती. तिच्या शेडमध्ये भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा काळ्या रंगाने आखलेली. ड्रिल इथे, करवत इथे, कुंपण छाटायचं मशीन तिथे. वसाहतीच्या गेटावरची पाटीही तिनेच केलेली. ओकच्या जाड फळीवर, मशीनने कोरून, एकेक अक्षर असं की हात फिरवत राहावं: "१ ऑक्टोबर ते ३१ मार्च वसाहतीत मुक्कामास सक्त मनाई." त्या वेळी ती कमिटीवर होती. 'सक्त' हा शब्दसुद्धा तिनेच घालायला लावला होता.

आणि आता ऐका. गेले तीन हिवाळे बोदिल त्याच वसाहतीत, आपल्या लाकडी खोपटात, गुपचूप मुक्काम ठोकून होती!

करणार काय? फ्लॅट गेलेला. कागदोपत्री ती वाल्बीला बहिणीकडे, उलाकडे राहायची. पण उलाचा सोफा आखूड आणि जीभ लांब. ऑक्टोबरात वसाहतीचं पाणी बंद झालं की बोदिल डबे भरून पाणी आणायची, अंधार पडल्यावरच शेगडी पेटवायची, आणि मजेत राहायची. तिला सांभाळून घेत होतं ते एकच, शेजारच्या बागेच्या आणि तिच्या मधलं झाडांचं कुंपण. पुरुषभर उंच, हातभर जाड. त्या झाडाची खासियत अशी, की हिवाळ्यात पानं वाळून तांबूस होतात पण गळत नाहीत. त्यामुळे शेजारच्या बागेपलीकडच्या, वसाहतीतल्या मोठ्या रस्त्यावरून तिच्या खिडकीतला दिवा दिसायचा नाही. ते कुंपण होतं म्हणून बोदिलला घर होतं. एवढं साधं गणित.

अडचण एकच. आमच्या नियमाप्रमाणे ते कुंपण छाटायचं काम शेजाऱ्याचं. आधीचा शेजारी नव्वदीचा, बहिरा, अगदी सोन्यासारखा माणूस होता! तो वारला आणि बागांच्या प्रतीक्षायादीवर चौदा वर्षं नंबर लावून बसलेलं एक जोडपं त्या बागेत आलं. येप्पे आणि फ्रीडा. दोघंही चांगली. बोदिलच्या मते हाच त्यांचा मोठा दोष होता. चांगल्या माणसांना हाकलता येत नाही.

येप्पे दिवसभर कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. हात असे मऊ, की बोदिलने पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तिला वाटलं, आत हाडं आहेत की नाहीत! जूनच्या पहिल्या आठवड्यात तो कुंपणाच्या फटीतून डोकावला.

"बोदिल, तुझ्याकडे कुंपण छाटायचं मशीन आहे म्हणे?"

"होतं. दुरुस्तीला टाकलंय."

"पण काल तर आवाज येत होता!"

"काल टाकलं ना! संध्याकाळी!"

तो बिचारा "अच्छा" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी बोदिलला आपल्या मागच्या बाजूचं कुंपण हातकात्रीने छाटावं लागलं. तीन तास! खोटं बोलण्याची मजुरी म्हणायची.

कुंपणं २३ जूनच्या, सांक्त हान्सच्या होळीच्या आधी छाटलेली असावी लागतात. नाहीतर आमचा अध्यक्ष प्रेबेन मोजकाठी घेऊन दारात हजर. हा प्रेबेन म्हणजे रिटायर झालेला पोस्टमन. आयुष्यभर लोकांच्या दारातून परत फिरावं लागलं, त्याचा वचपा आता आत शिरून काढतो. त्याने येप्पेच्या फाटकावर नोटीस चिकटवली. पहिली. मग दुसरी. दुसऱ्या नोटिशीत खाली हाताने लिहिलं होतं: "शनिवारी कमिटी कुंपणाची दोन्ही बाजूंनी पाहणी करील."

दोन्ही बाजूंनी! म्हणजे बोदिलच्या बागेतून! बोदिलच्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या बाजूला कुंपणाला लागून पुढच्या हिवाळ्याची लाकडं रचलेली, पाण्याचे अठरा डबे ओळीने उभे, शिवाय शेगडीचं नवंकोरं धुराडं. आंधळ्यालाही कळलं असतं.

कुंपण आधीच नीट छाटलेलं दिसलं तर कमिटीला आत यायचं कारण उरणार नाही, म्हणून ती स्वतः येप्पेकडे गेली. "आत्ताच मी छाटून देते तुझं कुंपण. फुकट."

"छे छे! तू कशाला? मला शिकायचंय!"

"अरे, तासाभराचं काम आहे. माझ्या हाताला सवय आहे."

"बोदिल, करू दे त्याला," फ्रीडा आतून म्हणाली. "आयुष्यात एक गोष्ट तरी हाताने करू दे! तू फक्त मशीन दे. दुरुस्त होऊन आलं ना?"

आली का पंचाईत! वसाहतीत कधीही कुणाला मशीन न देणारी बाई माझं मशीन नको, मलाच घे म्हणून गयावया करत होती, आणि समोरचा ऐकत नव्हता. शनिवार दोन दिवसांवर. बोदिलने दात-ओठ खात शेडमधून मशीन आणलं.

सूचना मात्र तिने शाळेतल्यासारख्या दिल्या. वायर खांद्यावरून मागे टाकायची. दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांना ही दोरी ताणून बांधायची, दोरीच्या वर जे येईल तेवढंच कापायचं. "दोरीच्या खाली गेलास तर बघ! काय करायचं?"

"दोरीच्या वर कापायचं," येप्पे म्हणाला.

"परत सांग."

"दोरीच्या वर कापायचं!"

शुक्रवारी बोदिलला उलाकडे जायचंच होतं, महिन्याचं टपाल आणायला. उलाने तिला कॉफी पाजली, घटस्फोटावर पुन्हा एकदा पाऊण तास व्याख्यान दिलं आणि सोफ्यावरची उशी झटकत म्हटलं, "तशीच वेळ आली तर हा आहेच." बोदिलने टपाल पिशवीत कोंबलं आणि निघाली. परतताना ती गेटातून आत शिरली, मोठ्या रस्त्याने चालू लागली, आणि चालता चालता एकदम थांबली.

रस्त्यावरून तिला स्वतःचा पलंग दिसत होता!

पलंग दिसत होता, त्यावरची निळी गोधडी दिसत होती, शेगडी, लाकडं, अठराच्या अठरा डबे, आणि शेडचं दार उघडं असल्याने भिंतीवरची हत्यारंसुद्धा. मध्ये कुंपण नव्हतं असं नाही. होतं. गुडघ्याएवढं होतं.

येप्पे त्या गुडघ्याएवढ्या कुंपणाशी घामाघूम उभा होता आणि लहान पोराने चित्र दाखवावं तसा हसत होता. "एकदम सपाट आलंय की नाही?"

"दोरी?" बोदिलच्या तोंडून एवढंच निघालं.

"दोरी कापली जाईल अशी भीती वाटली, म्हणून सोडून ठेवली. तुझी दोरी ना! मग अंदाजाने केलं. आधी डावीकडे थोडं जास्त गेलं, म्हणून उजवीकडे तेवढंच घेतलं. मग उजवी बाजू खाली आली, म्हणून परत डावीकडे... पण शेवटी जमलं!"

"आणि हे काय?" बोदिलने वायर उचलली. वायरीच्या मधोमध औषधाची पट्टी चिकटवलेली होती. जखमेवर लावतात ती!

"ती जरा कापली गेली. पण दोरीला काही झालं नाही हं!"

बोदिल वसाहतभर ऐकू जाईल असं ओरडली. काय ओरडली ते इथे लिहिण्यासारखं नाही. फ्रीडा धावत बाहेर आली, कुंपण बघून तिने तोंडावर हात ठेवला, आणि मग येप्पेच्या खांद्यावर. संध्याकाळी दोघांनी रुबार्बच्या आंबट देठांचा केक पाठवला. बोदिलने तो दारात तसाच ठेवला. रात्रीत कोल्ह्याने खाल्ला.

शनिवारी सकाळी बोदिलने डब्यांवर चादर टाकली, धुराड्यावर कुंडी उपडी घातली, लाकडांवर टेबलक्लॉथ पसरून वर फुलदाणी ठेवली. खोपटं आता चोरी लपवल्यासारखं दिसत होतं.

प्रेबेन मोजकाठी घेऊन आला. काठी त्याने कुंपणाशेजारी उभी केली आणि बराच वेळ काठीकडेच पाहत राहिला.

"नियमात कमाल उंची आहे," तो शेवटी म्हणाला. "किमान उंचीचं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे?" येप्पे घाबरत म्हणाला.

"म्हणजे कुंपण नियमात बसतं. कुरूप आहे, पण नियमात आहे." त्याने वहीत खूण केली. "आत यायची गरज नाही. इथूनच सगळं दिसतंय."

त्याची नजर बोदिलच्या फुलदाणीवरून फिरली आणि पुढे सरकली. तो वळला. वळला! बोदिलच्या जिवात जीव आला. मनातल्या मनात तिने येप्पेला निम्मी माफीसुद्धा देऊन टाकली.

तेवढ्यात फ्रीडा बोलली. तिला वाईट वाटलं होतं ना! काल बोदिल रागावली, तिच्या मशीनची वायर गेली, बिचारीबद्दल कुणीतरी चार चांगले शब्द बोलायला हवेत असं तिला वाटलं.

"प्रेबेन, तुला सांगते, बोदिलसारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं! तुमची कमिटी तिला बक्षीस का देत नाही? फेब्रुवारीतल्या त्या वादळात आमच्या छपराचा पत्रा उडाला, तर त्याच सकाळी शिडी लावून कुणी बसवला? हिने! बारा स्क्रू! आम्हाला तर हिने बसवलेल्या पत्र्याचा फोटो पाठवला तेव्हा कळलं."

प्रेबेन थांबला. "फेब्रुवारीत?"

"मी सहज आले होते," बोदिल घाईघाईने म्हणाली. "बाग बघायला."

"त्या सकाळी?" प्रेबेन म्हणाला. "त्या दिवशी बस बंद, ट्रेन बंद, पूल बंद."

"चालत आले!"

"वाल्बीहून? वादळात? शिडी घेऊन?"

"अरे, ती सहज नव्हती आली!" फ्रीडाला वाटलं बोदिल विनयाने नाही म्हणतेय. "लपवतेय ती. नाताळात आम्ही मापं घ्यायला आलो होतो, तेव्हा फटीतून हिच्या खिडकीत दिवा दिसला. इतकं बरं वाटलं! मी येप्पेला म्हटलं, बघ, इथे कुणीतरी कायम असतं, आपल्या बागेची काळजी नको."

'कायम' हा शब्द म्हटल्यावर मग फ्रीडाच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पडला. येप्पे खाली बघून कापलेली पानं गोळा करायला लागला. प्रेबेनने वही पुन्हा उघडली. त्यालाही मजा वाटत नव्हती, हे कबूल करायला हवं.

"बोदिल, पाटी तूच कोरलीस गं," तो म्हणाला.

बोदिलने डब्यांवरची चादर ओढून काढली आणि तिची घडी घालायला लागली. 'सक्त' तिनेच घालायला लावला होता.

तीस सप्टेंबरला बोदिल गेली. बाग तिचीच राहिली, उन्हाळ्यापुरती. पण हिवाळ्यात रोज गेटावर कुलूप आणि आठवड्यातून दोनदा कमिटीची फेरी, असा ठराव झाला. येप्पेने सामान गाडीत घालायला मदत केली. फ्रीडा रडली. "तीन-चार वर्षांत वाढेल परत," येप्पे कुंपणाकडे बघून म्हणाला, आणि बोदिलने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुढचा खोका दोन हातांनी एकटाच उचलून घेऊन गेला. हत्यारं ती सगळी बरोबर घेऊन गेली. उलाच्या सोफ्याखाली ती कशीबशी मावली. बोदिल सोफ्यावर मावत नव्हती.

नोव्हेंबरात फोन आला. येप्पेचा. आवाज एकदम गोड.

"बोदिल, कशी आहेस? ऐक ना. काल वादळात गेटावरची पाटी सुटली. एकाच स्क्रूवर लोंबकळतेय. प्रेबेन म्हणतो, कमिटीकडे ड्रिल नाही. अख्ख्या वसाहतीत नाही! तू येऊ नकोस, एवढ्या थंडीत कशाला त्रास? फक्त मशीन दे. मी येऊन घेऊन जातो आणि बसवतो."

सोफ्यावर पाय पोटाशी घेतलेल्या बोदिलने फोन कानाशी घट्ट धरला. उला आतून विचारत होती, कोण आहे, कोण आहे. बोदिलच्या डोळ्यांसमोर ती ओकची फळी आली, आणि तिच्यासमोर ड्रिल घेतलेला येप्पे. अंदाजाने. आधी डावीकडे थोडं, मग उजवीकडे.

"हात लावू नकोस पाटीला!" ती किंचाळली. "मी येतेय!"

आणि गेली! दोन बस बदलून, मफलर गुंडाळून, मांडीवर ड्रिल घेऊन. प्रेबेनने फळी धरली, येप्पेने शिडी धरली. बोदिलने पातळी मोजायची पट्टी लावून तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आणला आणि चार जागी आठ स्क्रू मारले. आता ती पाटी कुठल्याच वादळात पडायची नाही. मग तिने खाली उतरून, जरा मागे सरकून पाहिलं. "मुक्कामास सक्त मनाई." एक केसभर वाकडी नव्हती. साडेचार वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता, म्हणून प्रेबेन गेट लावता लावता म्हणाला, "बोदिल, तू... बाहेर थांबतेस ना?"

येप्पेने शिडी मिटली आणि भीत भीत विचारलं, "ड्रिल दोन दिवस ठेवून जातेस का? मला एक फळी लावायची होती."

"मी मशीन कुणाला देत नाही," बोदिल म्हणाली, आणि बस पकडायला निघाली.