सत्त्याण्णव गुणांचा रस्ता

पेडगाव फाटा ते आमची सायवाडी हा सव्वातीन किलोमीटरचा रस्ता शासकीय नोंदीनुसार डांबरी आहे. नोंद खोटी नाही. खड्ड्यांच्या मधल्या जागेत डांबर अजूनही आढळतं. याच रस्त्यानं सकाळची बस यायची आणि बारावीतल्या नीलमला परभणीच्या कॉलेजात पोचवायची. एकदा खड्ड्यात बसच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि आगारानं कळवलं, रस्ता सुधारेपर्यंत बस बंद.

नीलमचे वडील भागवत मोजकं बोलतात. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बस चालू झाली तर कॉलेज. न्हाई तर शिकणं पुरे झालं. एकट्या पोरीला रोज फाट्यापस्तोर पायी कसं धाडावं?"

नीलमनं रस्त्यासाठी बांधकाम कार्यालयात अर्ज केला आणि नवल म्हणजे उत्तर आलं. यापुढे खड्डे डोळ्यांनी पाहिले जाणार नाहीत, कारण डोळ्यांवर दबाव येऊ शकतो. विमानतळाच्या धावपट्ट्या तपासणारं लेझर यंत्र गाडीवर बसवून रस्ता मिलिमीटरमध्ये मोजला जाईल. चाळीसपेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या रस्त्यांचीच दुरुस्ती होईल. म्हणजे नापास होण्यातच गावाचं हित होतं, आणि आमची पात्रता निर्विवाद होती.

पण साहेब येणार म्हटल्यावर सरपंच लिंबाजीराव अस्वस्थ झाले.

"साहेब यायलेत अन् रस्ता असा उघडा ठेवायचा? गावाला काही अब्रू हाय का न्हाई?"

झालं. ट्रॉल्या भरभरून मुरूम आला. बाप्यांनी खड्डे बुजवून चोपले, बायांनी वरून शेणसडा टाकला. इतकी एकी आमच्या गावात निवडणुकीतसुद्धा दिसत नाही. लेझरची गाडी फाट्यावरून गावात आली आणि गुण मिळाले सत्त्याण्णव.

"मागच्या महिन्यात एक धावपट्टी मोजली," अभियंता महारुद्र साहेब भारावून म्हणाले, "तिलाही एवढे नव्हते."

गावानं पेढे वाटले. नीलम तेवढी रडली.

आठवड्याभरात ट्रॅक्टरांनी मुरूम उधळून दिला. बापलेक कार्यालयात गेले.

"साहेब, रस्त्यात खड्डे हायत," नीलम म्हणाली.

"असतील. पण गुण सत्त्याण्णव आहेत. यंत्र खोटं बोलतं, असं म्हणायचंय का?"

"यंत्र न्हाई साहेब. आमचं गाव खोटं बोललं."

साहेबांनी अर्जाचा नमुना उलटून पाहिला. "त्याला रकाना नाही," ते म्हणाले.

आगारात उलटाच न्याय. तिथले साहेब म्हणाले, "गुण तुमच्या रस्त्याला, दणके आमच्या गाडीला." पुढे कार्यालयाच्या लक्षात आलं की, इतक्या गुळगुळीत रस्त्यावर वाहनं बेफाम धावून अपघात होऊ शकतात. म्हणून चार गतिरोधक तातडीनं मंजूर झाले. ते खड्ड्यांच्या मधल्या जागेत बसवले. डांबर होतं तेवढंही त्यांच्याखाली गेलं.

नीलम हटली नाही. अकराव्या अर्जाला फेरमोजणी मंजूर झाली, दिवाळीच्या आठ दिवस आधीची. ग्रामसभेत सगळ्यांनी मारुतीची शपथ घेतली की, खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही. लिंबाजीरावांनी तर जाहीर सांगितलं, "यावेळी खड्डे दाखवायचे. छाती काढून दाखवायचे!"

मोजणीच्या सकाळी नीलम खड्डे मोजायला निघाली. कस्तुराबाईंच्या दारापुढं ताजा शेणसडा होता.

"मावशी, हे काय?"

"आगं, आमच्या दारापुढचा एकच तर होता. बाकीचे हायत की."

पुढच्या घरापुढं तेच आणि त्याच्या पुढच्याही. गाव संपलं तरी थांबेना. ज्याचं शेत रस्त्याला लागून, त्यानं आपल्या बांधापुरते बुजवले होते. खोटं कशाला बोलू, माझ्या दारापुढचा मीही बुजवला होता. मलाही वाटलं, एकानं काय होतंय?

नीलम पळत घरी आली. दारात भागवत फावडं घेऊन मुरूम चोपत होते.

"बाबा, तुमीबी?"

भागवत वर न बघता म्हणाले, "लोक काय म्हणतील, बाई? अर्ज करणाराच्याच दारात खड्डा?"

यावेळी शासकीय गतिरोधक वगळून अठ्ठ्याण्णव मिळाले.

दिवाळी झाली. नीलमची पुस्तकं आता कपाटावर आहेत आणि भागवत शब्दाचे पक्के असल्याचं गाव कौतुकानं सांगतं. नीलम कुणाला दोष देत नाही, त्यामुळे मला झोप लागायला जरा सोपं जातं.

आम्हाला हसताय? खुशाल हसा. पाहुणे यायच्या आधी तुम्हीही घाईघाईनं काहीतरी पलंगाखाली ढकलताच. एकदा वाकून बघा, त्यात कुणाची पुस्तकं तर नाहीत ना.