माझ्या पिगनटला पाणी घालू नका!

उन्हाळ्यात बाग सुकली म्हणून रडणाऱ्यांपैकी मी नव्हे! एसेक्समध्ये चाळीस वर्षं काढली आहेत मी. इथे जुलैत हिरवळीचं पार पायपुसणं होतं, पाइपने पाणी घालायला बंदी येते आणि आमचा सतीश कपाळाला हात लावून बसतो. मागच्या उन्हाळ्यात तर त्याने जाहीरच केलं, "आई, बास झालं. मागे प्लॅस्टिकचं गवत टाकतोय."

प्लॅस्टिकचं गवत! त्यापेक्षा स्वतःच्या टकलाला हिरवा रंग लाव म्हणावं!

"तिथे माझा पिगनट आहे," मी ठणकावलं.

पिगनट हे इथल्याच कुरणांतलं रानफूल. मेमध्ये बारीक पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडतात. मातीखाली सुपारीएवढा कंद. उन्हं तापली की वरचं सगळं वाळतं आणि कंद खाली घोरत पडतो. पाणी नको, खत नको. साताऱ्याला आमच्या घरामागच्या डोंगरात रानहळद अशीच झोपायची. वैशाखात नुसते दगड, आणि आषाढात बघावं तर उतार गुलाबी! सत्तर वर्षांपूर्वीचं ते मला अजून लख्ख दिसतं. तिकडचे कंद पावसात उठतात, इकडचे वसंतात. झोप तीच!

नात तनू वाकून बघत म्हणाली, "आजी, तुझा फूल मेली."

"मेली नाही गं, झोपलाय तो!"

"विदाउट वॉटर?"

सतीश हसला. "ओके आई. पुढच्या मेमध्ये इथे पांढरी फुलं आली तर गवत कॅन्सल. नाही आली तर लगेच ऑर्डर."

"लाव पैज! पण थेंबभर पाणी कुणी घालायचं नाही!"

मी चार काठ्या रोवून लोकरीचा धागा गुंडाळला. आत कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोतीबिंदूच्या डोळ्यांनी रोज पाहणी चाले.

ऑक्टोबरात हिरवे कोंब दिसले. "बघा! लवकर जाग आली!" मी घर डोक्यावर घेतलं. सतीश घाईघाईने बूट पुसायला लागला. सून सुचेता तर इतकं मन लावून कणीक मळत होती की परात फुटते की काय!

मेमध्ये छत्र्याच छत्र्या! मी शेजारच्या मार्गारेटला चहाला बोलावलं, सतीशला समोर उभं केलं आणि धागा सोडून भाषण सुरू केलं, "थेंबभर पाण्याशिवाय..."

मार्गारेट दर शनिवारी चिकन करी करते. तिने एक पान चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाली, "हाऊ लव्हली! कोरिअँडर!"

मी पान नाकाशी नेलं. कोथिंबीर! साठ वर्षं जी रोज चिरली, ती कोथिंबीर!

"कुणी केलं हे?"

तनूच्या डोळ्यांत पाणी. "आजी, तो थर्स्टी होती. मी रोज माझा बॉटल ओतली."

"तू पण?" सतीश चपापला. "आई, तू इतकी आशा लावून बसली होतीस. मला बघवेना. मी रात्री कॅनने घालायचो."

"आणि सप्टेंबरात उकरून बघितलं तर नुसता चिखल," सुचेता पुटपुटली. "कंद कुजले होते, आई. मग मी धणे चपलेखाली रगडले आणि पेरले. फुलं पांढरीच येतात ना!"

"म्हणजे तू मला जिंकवायला निघाली होतीस?"

"मला काय ते प्लॅस्टिक हवंय?"

सतीश मात्र खूश. "पिगनट नाही, सो मी जिंकलो!"

"कसला जिंकलास!" मी कमरेवर हात ठेवले. "पैज लागली पांढऱ्या फुलांवर. ही काय निळी आहेत? आणि पाणी घालून कंद मारणारा कोण? गवताचं नाव काढलंस तर ते तुझ्याच खोलीत अंथरीन!"

तो आत गेला. संध्याकाळी मी उरलेल्या कोवळ्या पाल्याच्या वड्या केल्या. सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्ल्या.

मी हरले नाही! लगेच कुंडीतले नवे पिगनट आणून त्याच जागी लावले. आता जुलै चालू आहे, वर नुसती भेगाळलेली माती आहे, आणि मी खुर्ची टाकून पहारा देते आहे. घरातल्या तिघांना बागेत पेला घेऊन यायलाही बंदी!

काल कुंपणापलीकडून मार्गारेट झारी हलवत प्रेमाने म्हणाली, "डोन्ट वरी, डिअर. तुम्ही जेवायला आत जाता ना, तेव्हा तुमच्या बिचाऱ्या कोथिंबिरीला मी पाणी घालते. रोज!"