व्यवसाय : सगळा

कोणत्याही फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात कोणी 'गृहिणी' लिहिलं, की निर्मळ गावातल्या आमच्या शेजारीण मंजुळाकाकी पेन हिसकावून ते खोडतात आणि लिहितात, 'सगळा'. दवाखान्याच्या केसपेपरवरसुद्धा. डॉक्टर हसले, तर त्यांनाच दम, "हसू नका, तपासा."

काकींच्या वाडीत मोगरा आहे. उजाडता उजाडता कळ्या खुडायच्या, निवडायच्या, टोपली भरायची, हे सगळं काकींचं. काका टोपली दादरला पोचवतात. म्हणून काका बागायतदार आणि काकी 'घरीच असतात'! हे ऐकलं की माझंही डोकं फिरतं. काकींचं तर चाळीस वर्षं फिरलेलंच आहे.

सरकारने बायकांना दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा फॉर्म भरायला मीच त्यांना घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पासष्टच्या पुढे मिळत नाही."

"मंग पासष्टनंतर चूल आपोआप पेटते?"

सगळी रांग हसली. काकी नाही हसल्या.

घरी आल्या त्या कडाडतच. "माझं म्हननं, जन्माला आला त्याला द्या. बाई, बाप्या, म्हातारं, समद्यांना. अटच नको!"

काका झोपाळ्यावरून म्हणाले, "लोक फुकट बसून खातील."

"तुमी बसून खाता तवा वाढतं कोन?"

काकांनी पेपर वर धरला.

सून वैशाली मात्र वयाच्या अटीत बसली. पैसे यायला लागल्यावर काकींचा मुलगा तिला म्हणाला, "कार्ड माझ्याकडे दे, हरवशील."

"मंग तिचं मंगळसूत्र पन तूच घाल, हरवंल!" काकी कडाडल्या. कार्ड वैशालीकडेच राहिलं. तेव्हापासून दर महिन्याला ती एटीएममध्ये शिरली, की काकी दारात छत्री रोवून उभ्या असतात.

परवा मीही तिथे होतो. वैशाली बाहेर आली आणि तिने पाचशेची नोट काकींच्या हातात ठेवली. "आई, हे तुमचे. घरासाठी काही आणायचं नाही हं. तुम्हाला आवडतं ते घ्या."

समोरची दुकानं काकींनी एकेक करून न्याहाळली. मग अगदी हळू म्हणाल्या, "वैशाली, मला काय आवडतं गं?"

आम्हा दोघांनाही सांगता येईना.